दिवंगत पत्नीचं संमतिपत्र

प्यो सो-दाम माणसांचे चेहरे झाकायचं काम करायची, आणि सोलच्या सांगाम-दोंग भागात तरी त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

टीव्हीवर रस्त्यात कुणाची मुलाखत चालू असते, मागून कुणी सायकलवरून जातो. त्याला टीव्हीवर यायचं नसतं. मग त्याच्या तोंडावर बारीक-बारीक चौकोन पसरायचे, की तोंडाची गोधडी होते. याला मोझॅक म्हणतात. आता कुणाला वाटेल, चेहऱ्यावर थांबत असेल. छे. ओढणाऱ्याच्या सिगरेटवर मोझॅक, खाटकाच्या सुरीवर मोझॅक, दंडावरच्या गोंदणावर, दुकानाच्या पाटीवर, पाण्याच्या बाटलीवरच्या नावावर. मासळीचा कार्यक्रम असला तर बाई हातात ढगाचा तुकडा घेऊन उभी राहते आणि माशाचे आपोआप काप पडतात. लोकांना त्याची सवय झालेली. सवयीबरोबर एक शहाणपणही आलेलं: ज्याच्यावर मोझॅक आहे, त्यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

सो-दामच्या कंपनीत बारा माणसं होती आणि त्यांच्यावर टीमप्रमुख कुक साहेब. कुक साहेबांचं सगळं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत मावायचं. "एक चौकोन कमी पडला तर कोर्ट. एक चौकोन जास्त पडला तर काही नाही." त्यामुळे तपासणी व्हायची ती फक्त राहून गेलेल्या मोझॅकची. जास्तीचा मोझॅक आजवर कुणी तपासला नव्हता. त्यासाठी फॉर्मच नव्हता.

जूनच्या पहिल्या सोमवारी सो-दामच्या पुढ्यात एक फाईल आली. कार्यक्रमाचं नाव 'डोंगरातला एकटा जीव'. दर बुधवारी संध्याकाळी आठ वाजता लागायचा. गाव-घर सोडून डोंगरात राहणारा एखादा बाप्या शोधायचा, एका पडेल विनोदी नटाला त्याच्याकडे दोन दिवस पाठवायचं, दोघांनी मिळून मुळं उकरायची, झऱ्यात अंग धुवायचं आणि शेवटी बाप्याने आयुष्याची कहाणी सांगून नटाला रडवायचं. देशातले साठीचे सगळे पुरुष हा कार्यक्रम जीव ओतून बघायचे आणि त्यांच्या बायका, हे एकदाचे कधी जातायत, म्हणून.

सो-दामने फाईल उघडली. झोपडीतून दाढीवाला माणूस बाहेर आला आणि हसला.

तो तिचा बाप होता.

प्यो मान-सोक. अकरा वर्षांपूर्वी, तेरा नोव्हेंबरला, सो-दामच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवशी निघून गेलेला. त्या दिवशी सगळा देश थांबतो. इंग्रजी ऐकण्याचा पेपर असतो तेवढी पस्तीस मिनिटं विमानंसुद्धा उतरत नाहीत, वर घिरट्या घालत बसतात. मान-सोक मात्र थांबला नाही. लेकीला परीक्षेच्या दारात सोडलं, चिकट तांदळाची वडी तिच्या हातात दिली (वडी चिकटते तसं पोर कॉलेजला चिकटावं, अशी रीत), आणि स्वतः सुटला तो सुटलाच. आईने तीन वर्षं वाट बघितली, नंतर गुनसानच्या बाजारात भाज्या-लोणच्यांचं दुकान टाकलं.

सो-दामने तोंडातली कॉफी गिळली आणि फाईल पुढे चालवली.

"बायको गेली हो," पडद्यावरचा बाप सांगत होता. "तेरा नोव्हेंबरला गेली. या हातावर डोकं ठेवून." त्याने तो हात नटाला दाखवला. नटाने हात निरखून बघितला, जणू डोक्याची खूण अजून असेल. "शेवटी एवढंच म्हणाली, तुम्ही डोंगरात जा. तुमच्या तब्येतीला शहर सोसत नाही."

नट हमसून रडला. मग दोघांनी मिळून बाईंचं श्राद्ध घातलं. पाटावर भाताची वाटी, त्यात उभा रोवलेला चमचा, तळलेला मासा, सफरचंदं, आणि मधोमध चौकटीत आईचा फोटो. सो-दामच्या पाचवीतल्या सहलीचा. कडेला कापलेला एक कान राहिला होता. तो सो-दामचा होता.

या दिवंगत बाईने कालच फोनवर चाळीस मिनिटं खेकडे महाग झाल्याबद्दल शिव्या घातल्या होत्या.

फाईलसोबत निर्मात्याची चिठ्ठी होती. 'मृत पत्नीच्या फोटोवर मोझॅक. नातेवाइकांची संमती नाही. बाकी नेहमीप्रमाणे.'

सो-दामने चिठ्ठी दोनदा वाचली. रडू येत नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती: या माणसाने डोंगर उतरून खाली यावं, आईसमोर उभं राहावं आणि आपल्या तोंडाने म्हणावं, 'मी खोटं बोललो, मी पळालो होतो.' अकरा वर्षं तो कुठे आहे हेच माहीत नव्हतं. आता तो तिच्या माऊसखाली होता.

तिने बाह्या सरसावल्या.

बापाच्या झोपडीमागे लेट्यूसचा वाफा होता. सरळमार्गी, हिरवागार, देवभोळा लेट्यूस. सो-दामने एकेका रोपावर प्रेमाने मोझॅक घातला. बाप नटाला मधाची बरणी देत होता, बरणीवर मोझॅक. नटाने चमचाभर चाखला आणि "वा, डोकं हलकं झालं!" म्हणाला, चमच्यावर मोझॅक, नटाच्या डोळ्यांवरही. पडवीला वाळत घातलेल्या मिरच्यांवर मोझॅक. बाप कंबरेत वाकून मधमाशीने नांगी मारलेली मांडी खाजवत होता. तिथे तिने जरा ऐसपैसच मोझॅक घातला, आणि थोडा हलताही ठेवला. उशीखालून त्याने रेडिओ काढला, त्याच्यावर मोझॅक. सगळ्यात शेवटी तिने कुत्र्याच्या चेहऱ्यावर मोझॅक घातला. कुत्र्याचा काही गुन्हा नव्हता, पण चेहरा झाकलेला कुत्रा पाहिला की माणसाला वाटतंच, याने काहीतरी बघितलंय आणि याच्या जिवाला धोका आहे.

बापाचा चेहरा तिने लख्ख ठेवला.

एकही शब्द बदलला नव्हता. खोटं काही दाखवलं नव्हतं. दाखवलंच नव्हतं.

राहिला आईचा फोटो. चार चौकोन ओढायचे की काम झालं. पण हात पुढे जाईना. इतकी तोंडं झाकली, पण हे तोंड झाकायचं म्हणजे बापाच्या श्राद्धाला आपणही पाटावर बसल्यासारखं. तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"आई, जेवलीस?"

"आता कुठे? गिऱ्हाईक आहे. बोल पटकन."

"आई, बाबा सापडले."

पलीकडे पिशवीला गाठ मारल्याचा आवाज आला. "मेलाय का?"

"नाही. तू मेलीयस."

सो-दामने सगळं सांगितलं. आईने मधे एकदाही टोकलं नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"कशाने मेले?" आईने शेवटी विचारलं.

"ते सांगितलं नाही. त्यांच्या हातावर डोकं ठेवून गेलीस."

"त्या हातावर मी पिशवी ठेवली नसती. पाटावर मासा कुठला होता?"

"पिवळा क्रोकर वाटतो. मोठा होता."

"बघ! जिवंतपणी या माणसाने मला माशाचं शेपूट दाखवलं नाही. आणि मेल्यावर अख्खा क्रोकर!" आईचा आवाज चढला. मग एकदम थंड झाला. "माझ्या तोंडावर ते तुझं घालू नकोस."

"चौकोन? घालावेच लागतात आई. तुझी संमती नाही. राहिलं तर माझी नोकरी जाते."

"माझी संमती कुणी विचारली?"

"तू मेल्यावर तुला कोण विचारणार?"

"मग आता विचार. कागद-बिगद काही असेल तो पाठव. माझा चेहरा दिसला पाहिजे. मोठा, स्वच्छ. गुनसानच्या बाजारात मी रोज चारशे माणसांना भाज्या-लोणची मोजून देते. बघू दे त्यांना, कोण मेलंय ते."

सो-दामला आपला लेट्यूस एकदम पोरकट वाटला.

बुधवारी सकाळी एक्स्प्रेस बसच्या पोटातून पुडकं आलं. आत चेहरा दाखवण्यास संमती असल्याचा फॉर्म, सही, लाल शिक्का, ओळखपत्राची प्रत आणि सोया रसातल्या खेकड्यांचा डबा. सो-दामने दोन्ही गोष्टी कुक साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

कुक साहेबांनी आधी सगळी फाईल पळवत तपासली. लेट्यूसपाशी थांबले. "हे काय आहे?"

"झाडं आहेत साहेब."

"कसली?"

"खात्री नव्हती, म्हणून झाकली."

"शाब्बास. खात्री नसली की झाकायचं. आणि हा कुत्रा?"

"त्याच्या मालकाची संमती आहे साहेब, त्याची स्वतःची नाही."

कुक साहेबांनी मान डोलावली. तत्त्वात बसत होतं. मग श्राद्धाचा प्रसंग आला आणि ते खुर्चीतून उठले. "अगं, या मृत बाईचा चेहरा उघडा! मारतेस का मला?"

"संमतिपत्र आहे साहेब."

"कुणाचं?"

"मृत बाईंचं."

साहेबांनी फॉर्म उचलला. एक रकाना वाचला, मग दुसरा. "तारीख सोमवारची आहे."

"हो."

"बाई कधी वारल्या?"

"अकरा वर्षं झाली."

"मग ही सही..."

"शिक्काही आहे साहेब. आणि संपर्क क्रमांक."

"लागतो?"

"लागतो. पण दहाच्या आत करू नका, तेव्हा त्या भाजी निवडतात."

कुक साहेबांनी फॉर्म उजेडात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठं युद्ध होऊन गेलं. एका बाजूला मरण होतं, दुसऱ्या बाजूला अकराच्या अकरा भरलेले रकाने. "तारीख जरा मागची घातली असती तर बरं दिसलं असतं," ते शेवटी म्हणाले.

"खोटी तारीख कशी घालायची साहेब?"

"तेही खरंच." त्यांनी 'तपासले' असा शिक्का मारला आणि डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "खेकडे कुठून आले?"

"त्यांनीच पाठवलेत."

साहेबांनी एक नांगी तोंडात धरली आणि डोळे मिटले. "हाताला काय चव होती बाईंच्या," ते हळहळले.

सो-दाम दुपारच्या बसने गुनसानला गेली. आठ वाजता आईच्या दुकानात, लोणच्याच्या बरण्यांमधल्या छोट्या टीव्हीसमोर अर्धा बाजार जमला होता. आईने कुणाला काही सांगितलं नव्हतं. नुसतं, "या, आज सुकी माकुली भाजलीय," एवढंच. मासळीवाली बांग मावशी सगळ्यात पुढे, पाय पसरून.

"अगं बाई, हा तर सो-दामचा बाप!" मावशीने पहिल्याच मिनिटाला ओळखलं. "मेला! डोंगरात बसलाय! आणि हे काय पिकवतोय?"

"अफू असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "भाजी असती तर झाकली असती का?"

"आणि बरणीत काय? बघा, त्या नटाचे डोळे बघा कसे झालेत."

"डोळे झाकलेत."

"म्हणून तर म्हणते, कसे झाले असतील!"

मांडीच्या प्रसंगाला सगळ्या बायकांनी एकदम "शी!" केलं आणि एकीनेही मान वळवली नाही. कुत्रा आला तेव्हा बांग मावशीने उसासा टाकला. "बिचारा मुका जीव. साक्ष द्यायला लागणार त्याला."

आणि मग सगळ्या गोधडीमधून, मधोमध, आईचा चेहरा आला. स्वच्छ, हसरा, पडदाभर. खाली अक्षरं: 'दिवंगत पत्नी मेंग ओक-बुन यांच्या पवित्र स्मृतीस.'

दुकानात माकुली चावायचं थांबलं. सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग आईकडे, मग परत टीव्हीकडे.

"सो-दामच्या आई," बांग मावशी हळूच म्हणाली, "तू मेलीस?"

"दिसतंय तर तसंच," आई म्हणाली. "अजून घ्या ना. संपवायची आहे."

पुढचं सगळं आपोआप झालं. दुसऱ्या दिवशी आईच्या दुकानासमोर रांग लागली. वारलेल्या बाईच्या हातची काकडी खायला शेजारच्या शहरातून माणसं आली. कुणीतरी दिवंगत ओक-बुनचा कोबी कापतानाचा व्हिडिओ टाकला, तो कार्यक्रमापेक्षा जास्त लोकांनी बघितला. तिकडे डोंगरावर पोलिसांचं ड्रोन गेलं. जून हा अफू शोधायचा महिना असतो आणि एकशे साठ प्रेक्षकांनी तक्रार केली होती. पोलिसांनी लेट्यूस उपटला, तपासायला नेला, आठवडाभराने लेट्यूस असल्याचं पत्र दिलं, पण लेट्यूस परत दिला नाही. प्राणीमित्र संघटनेने कुत्र्याला सुरक्षित ठिकाणी हलवलं. खालच्या गावाने मध घेणं बंद केलं. वाहिनीने माफीनामा छापला, त्यात जास्तीच्या मोझॅकबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि मृत बाईंचं संमतिपत्र नियमात बसत असल्यामुळे कुक साहेबांना कुणी काही म्हणालं नाही. ते फक्त अधूनमधून सो-दामला विचारायचे, खेकडे परत कधी येणार.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मान-सोक बाजारात आला. दाढी काढलेली, पाठीवर सगळं बिऱ्हाड बांधलेलं. सो-दाम सुट्टीला आली होती आणि आईशेजारी बसून मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत होती. तिने त्याला लांबूनच ओळखलं. दहा दिवस ती याच घटकेची वाट बघत होती.

"सो-दामच्या आई," तो दुकानासमोर येऊन म्हणाला.

आईने मान वर केली नाही.

"अगं, मी आलो. डोंगरात काही राहिलं नाही बघ. कुत्रासुद्धा नेला. कुठल्या हरामखोराने ते चौकोन घातले कळत नाही."

"मी," सो-दाम म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याने ओझं खाली टाकलं. "जाऊ दे. पोर आहेस. झालं-गेलं विसरू. माणूस चुकतो." आजूबाजूला बायका जमायला लागल्या होत्या. त्याने वेळ ओळखली, गुडघे टेकले, दोन्ही हात जमिनीला लावून आईसमोर कपाळ टेकवून नमस्कार केला, आणि झटकन उठून उभा राहिला.

आई शेपट्या खुडत होती. "अजून एक राहिला."

"काय?"

"नमस्कार. जिवंत माणसाला एक करतात, मेलेल्याला दोन. एवढंही विसरलात डोंगरात?"

बायकांमधून कुजबूज गेली. मान-सोक कसनुसं हसला. "काय चेष्टा करतेस. तू तर चांगली धडधाकट..."

"मी तेरा नोव्हेंबरला गेले. तुमच्या हातावर डोकं ठेवून. साऱ्या देशाने ऐकलंय. खोटं बोललात का तुम्ही टीव्हीवर?"

सो-दामच्या बोटांतला मोड तसाच राहिला. आता. आता तो म्हणेल. एकच नमस्कार ठेवायचा आणि तोंडाने कबूल करायचं, की खोटं बोललो, पळालो. नाहीतर दुसरा नमस्कार घालायचा आणि विधुर व्हायचं. तिसरी वाट मासळीवाल्या बांग मावशीने अडवली होती, हातात सुरी घेऊन. सुरीवर मोझॅक नव्हता.

"पोरी," त्याने सो-दामकडे वळून बघितलं, "तू तरी सांग हिला."

"मी काय सांगणार बाबा? मी त्या वेळी परीक्षेत होते."

त्याने बाजाराकडे बघितलं, दोन पोरी फोन वर करून उभ्या होत्या. माणूस कसा असतो बघा: अकरा वर्षं डोंगरात काढली, लेट्यूस गेला, कुत्रा गेला, मध गेला, पण 'मी खोटं बोललो' हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून सुटेनात. त्याने खाली बघितलं, परत गुडघे टेकले आणि दुसरा नमस्कार घातला. हळू, रीतीप्रमाणे, कपाळ फरशीला लागेपर्यंत.

सो-दामला वाटलं, कुणीतरी आपल्या ताटातला घास उचलला. तिला कबुली हवी होती, आणि हा माणूस कबुलीपेक्षा विधुर झालेला बरा म्हणून पसरला होता. ती रागाने आईकडे वळली. आईच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान होतं, जे सो-दामने तिथे कधी पाहिलं नव्हतं.

"झालं?" आई त्याला म्हणाली. "मग आता घर, बायको, दुकान, काही विचारायचं नाही. विधुराचं इथे काय काम? ओझं उचला."

तो उठेना. गुडघे धरले होते की हिंमत गेली होती, देव जाणे. तिथेच, फरशीवर, कपाळ टेकून पडून राहिला. बायका त्याला वळसा घालून भाजी घ्यायला लागल्या. चौथ्या नंबरावर एक नवी बाई होती, बाहेरगावची, हातात छत्री. तिने खाली बघितलं आणि दचकली.

"अगबाई, मावशी, हे कोण?"

"मयताला आलेत," आई पिशवी झटकत म्हणाली. "लांबचे आहेत."

"अरेरे. कुणाच्या मयताला?"

"माझ्या. चारशे ग्रॅम देऊ ना?"